सिएर ते साल्गेश: वॅलेच्या द्राक्षबागांतून पायी

डोंगरवाट

गेल्या शनिवारी स्वित्झर्लंडमधल्या वॅले प्रांतात सिएर ते साल्गेश ही द्राक्षबागांतली वाट तिसऱ्यांदा चाललो. मी बर्नला राहतो. इथे आलेले आपले लोक युंगफ्राऊ, टिटलिस, ल्युत्सर्न करून परत जातात आणि ऱ्होन नदीचं हे खोरं राहून जातं, याची मला खरंच हळहळ वाटते. म्हणून हा धागा.

आधी जागा सांगतो. ऱ्होन नदी हिमनदीतून निघून जिनिव्हाच्या सरोवराकडे जाते, तिच्या वरच्या खोऱ्याला फ्रेंच लोक वॅले म्हणतात, जर्मन लोक वालिस. दोन्ही बाजूंना चार हजार मीटरच्या आसपासची शिखरं. पाऊस त्या डोंगरांवरच सांडतो आणि खोऱ्याच्या तळाशी सिएरसारख्या गावात वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर पडतो. ऊन मात्र भरपूर. त्यात शरद ऋतूत फ्योन नावाचा कोरडा, उबदार वारा डोंगरावरून खाली येतो आणि घड सडू देत नाही. देशातल्या एकूण द्राक्षबागांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या एका प्रांतात आहेत. आणि स्विस वाइन देशाबाहेर शंभरातली एखादी बाटलीच जाते. म्हणजे ही चव घ्यायची तर इथेच यावं लागतं.

वाट साधारण 6 किलोमीटरची. सिएर स्टेशनवरून वर शातो द व्हिला या जुन्या वाड्यापाशी यायचं, तिथे वाइन संग्रहालयाचा एक भाग आहे. मग म्युरा, व्हेरास ही गावं, मग रास्पी नदीची घळ, ती ओलांडली की साल्गेश. संग्रहालयाचा दुसरा भाग साल्गेशमधल्या एका जुन्या घरात. न थांबता गेलात तर अडीच तास. मला कधीच पाच तासांच्या आत जमलेलं नाही.

रास्पीची घळ म्हणजे भाषेची सीमा. अलीकडे फ्रेंच, पलीकडे जर्मन. पाच मिनिटांत पूल ओलांडला की पाट्यांवरची द्राक्षांची नावंसुद्धा बदलतात.

आता मुद्द्याचं. पहिल्यांदा आलो तेव्हा मी वाइन प्यायला आलो होतो. रविवार होता, तीन तळघरांची दारं बंद, चौथ्या ठिकाणी फोन न करता आल्याबद्दल नाराजी. तिथून वैतागून परत निघालो. दुसऱ्या वेळी मार्चमध्ये आलो, फक्त चालायला. म्युराच्या वरच्या वळणावर एक आजोबा हिवाळ्यात ढासळलेली भिंत रचत होते. माती नाही, सिमेंट नाही. नुसते दगड एकावर एक. मी बघत उभा राहिलो तर त्यांनी एक दगड माझ्या हातात दिला आणि खुणेने सांगितलं, बसव. मी बसवला. त्यांनी तो बोटाने हलवून दाखवला, काढला, उलटा केला, आतल्या बाजूला किंचित कलता ठेवला. मग हलेना. मागे हाताच्या मुठीएवढ्या खड्यांची भर. पाणी त्या फटींतून झिरपून जातं म्हणून भिंत फुगत नाही. त्यांनी सांगितलं की ही भिंत त्यांच्या आजोबांनी घातली होती. असल्या भिंती या खोऱ्यात मैलोन्‌मैल आहेत, सियों शहराच्या वर तर काही जागी 20 मीटर उंचीच्या. कोरड्या दगडी भिंती रचण्याची ही कला 2018 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, स्वित्झर्लंडसह आठ देशांच्या नावाने.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी भिंतीला हात लावला. हवा गार झाली होती, दगड उबदार होता. वेलीला रात्रभर तीच ऊब मिळते.

परवा तेच आजोबा त्याच भिंतीमागे काढणी करत होते. ओळखलं मला. फाँदाँ या पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, शासला, त्याचा एक मणी त्यांनी चिमटीत दाबला. रस उडाला नाही, मणी फाटला आणि गर दोन भागांत उघडला. फ्रेंचमध्ये "फाँद्र" म्हणजे चिरणं, त्यावरूनच नाव. पुस्तकात वाचलं होतं, पण त्यांच्या अंगठ्यावर बघितलं तेव्हा कळलं.

मग खाली येऊन त्याच उतारावरची फाँदाँ एक डेसिलीटर (100 मिलिलिटर) घेतली. इथे हॉटेलात वाइन डेसिलीटरवर मागतात. हलकी, जिभेवर थोडी बुडबुड्यांची टोचणी. मोठ्ठी वाइन नाही ती. पण मला त्यात तो उतार, ती भिंत, सगळं ओळखीचं वाटलं. म्हणून सांगतो, आधी चाला, मग प्या. गाडीने येऊन तळघरात सहा पेले चाखून गेलात तर वाइन मिळेल, खोरं मिळणार नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

निफाडकर

डोंगरवाट, सकाळी बागेतून आल्यावर वाचलं आणि पुन्हा वाचलं. माझी पाच एकर बाग आहे, तीन एकर थॉमसन, खायची द्राक्षं, आणि दोन एकर वाइनरीला कराराने देतो, शेनिन ब्लाँ हे वाइनचं द्राक्ष. मला काही गोष्टी बागायतदार म्हणून विचारायच्या आहेत.

एक, छाटणी किती वेळा? आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी, वेल कधी झोपतच नाही. दोन, फवारणी त्या उतारावर कशी करतात? ट्रॅक्टर तर चढणार नाही. तीन, खुंट, म्हणजे ज्या मुळावर वेलीचं कलम करतात ते, कोणते? आम्ही डॉगरिज जातीचा वापरतो ते खारं पाणी आणि टंचाई म्हणून. तिथे तो प्रश्न नसणार. आणि चार, इतका कमी पाऊस तर पाणी कुठून? विहिरी आहेत का?

आणखी एक. थंडीचं काय? आमच्याकडे जानेवारीत पारा चार-पाचवर आला की रात्रभर झोप नाही. मण्यांना तडे जातात. बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे पाणी सोडतो.

डोंगरवाट

निफाडकर दादा, असे प्रश्न आले म्हणजे धागा काढल्याचं सार्थक झालं. मी बागायतदार नाही, पण आजोबांना आणि साल्गेशच्या एका तळघरात विचारून आलेलं सांगतो.

छाटणी एकदाच, हिवाळ्याच्या अखेरीस. वेल नोव्हेंबरपासून झोपते, बर्फ अंगावर घेऊन. पीक एकच, काढणी सप्टेंबर-ऑक्टोबर. जुन्या बागांत एकेक वेल एकेका खुंटीला बांधलेली दिसते, नवीन बागा तारेवर.

फवारणी उताराच्या भागात हेलिकॉप्टरने व्हायची, अजूनही होते, आता ड्रोनही आले आहेत. डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग तिथेही आहेतच, पण कोरड्या वाऱ्यामुळे आपल्यापेक्षा खूप कमी त्रास. ती ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाची धास्ती नाही.

खुंट वापरतात ते फिलॉक्सेरासाठी. मुळांना लागणारी ही कीड अमेरिकेतून आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपभर बागा संपवल्या. तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम. मात्र फिस्पर्टर्मिनन नावाच्या गावात, जिथली बाग 650 पासून 1,150 मीटरपर्यंत चढते, काही जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. तिथलं द्राक्ष हायडा.

थंडीची भीती तिथे एप्रिलमध्ये. डोळे फुटलेले असतात आणि एका रात्रीत पारा शून्याखाली. 2017 च्या एप्रिलमध्ये वॅलेत फार मोठं नुकसान झालं. उपाय ऐकून तुम्हाला नवल वाटेल: रात्रभर तुषार चालू ठेवतात. पाणी कोंबावर गोठतं, गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या आत कोंब शून्य अंशाला टिकून राहतो. पाणी थांबलं की कोंब गेला. तुमचं पहाटेचं पाणी सोडणं आणि हे, दोन्हींचं शास्त्र एकाच घरचं.

आणि पाणी. त्यावर स्वतंत्र लिहितो, कारण ते सगळ्यांत सुंदर आहे.

हिमनद्या आणि डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी पाटाने आणतात. फ्रेंचमध्ये त्या पाटाला बिस म्हणतात, जर्मनमध्ये सुओन. कड्याच्या पोटातून, कुठे खडक फोडून, कुठे लाकडी पन्हळ कड्याला टांगून. सियोंजवळचा बिस द क्लाव्हो 1453 चा आहे आणि आजही त्याच पाण्यावर खालच्या बागा भिजतात. पाटाच्या काठाने पायवाट असते, कारण राखणदाराला रोज चालावं लागायचं. त्याच पायवाटेवरून आज आपण चालतो. उतार अगदी सौम्य, पाण्याला जेवढा लागतो तेवढाच. एका हाताला भिंत आणि पाणी, दुसऱ्या हाताला पायाखाली बागांच्या पायऱ्या. मध्ये बागेतल्या जुन्या झोपड्यांत आता खायला-प्यायला मिळतं.

काही पाटांवर पाणचक्कीला एक लाकडी हातोडा जोडलेला असे. पाणी वाहतंय तोवर हातोडा टक टक वाजत राहायचा. आवाज थांबला की राखणदार झोपेतून उठायचा, कुठेतरी पाट फुटला. एका पाटावर तो हातोडा अजून आहे, मी त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला. पाणी कोणाचं किती तास, ते लाकडी पट्टीवर खाचा पाडून ठेवत.

मोसमकाठ

शेवटचा परिच्छेद वाचून राहवलं नाही. मी बागलाणचा. मोसम, आराम, पांझरा या नद्यांवर आमच्याकडे फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि शेतं फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, म्हणजे पाणी वाया जात नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि सगळ्यांचं म्हणणं ऐकून ठरवणारी गावाची पंचमंडळी. पाटकऱ्याच्या हातात पाणी असतं, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही.

लहानपणी आजोबांबरोबर पाटाच्या काठाने चालत जायचो. त्यांच्या खांद्यावर फावडं. कुठे खेकड्याने बीळ केलं, कुठे काठ खचला, ते त्यांना पाण्याच्या आवाजावरून कळायचं. धरणं झाली, विहिरी, बोअर झाले आणि पुष्कळ ठिकाणी फड मोडले. काही गावांत अजून चालू आहेत.

डोंगरवाट, त्या पाटांची देखभाल आज कोण करतं? सरकार?

डोंगरवाट

बहुतेक ठिकाणी अजून पाण्याचे हक्कदारच. वसंतात पाणी सोडण्याआधी सगळ्यांनी मिळून पाट साफ करायचा, काही गावांत तो दिवस सणासारखा. 2023 मध्ये युनेस्कोने पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात स्वित्झर्लंडसह सात युरोपीय देश आहेत. वाचताना माझ्या मनात फडच आला होता, पण मला त्यातलं तुमच्याइतकं ठाऊक नव्हतं. तुम्ही फडावर वेगळा धागा काढा, मनापासून विनंती.

अनुराधा_झुरिक

मी वाइन घेत नाही, सासू-सासरेही घेत नाहीत, तरी आम्ही ही वाट गेल्या वर्षी केली आणि फार आवडली. तसं असणाऱ्यांसाठी लिहिते.

सासूबाई 68 वर्षांच्या, गुडघे दुखतात. सिएरकडून सुरुवात केली तर सुरुवातीला चढ आणि घळीत उतार-चढ आहे, बाकी वाट सोपी. घळीत काठी लागतेच. अर्ध्यात कंटाळा आला तर बसथांबे जवळ आहेत. शेवटी साल्गेशचं स्टेशन बागांच्या खालीच, तिथून सिएर काही मिनिटांवर.

सावली नाही. ऑगस्टमध्ये जाऊ नका, दगडी भिंती तापून भट्टी होते. दोन-दोन लिटर पाणी न्या.

प्यायला जर्दाळूचा रस मागा. वॅलेचे जर्दाळू देशभर प्रसिद्ध आहेत, जुलैअखेर रस्त्याकडेला पेट्या लावलेल्या असतात. काढणीच्या दिवसांत ताजा द्राक्षरसही मिळतो.

जेवणाचं एक नीट सांगायला हवं. शातो द व्हिलात राक्लेत मिळतं, पाच वेगवेगळ्या कुरणांवरची पाच चीज, विस्तवासमोर वितळवून बटाट्यावर खरवडून देतात. चव अप्रतिम असं सगळे म्हणतात. पण वॅलेचं पारंपरिक राक्लेत चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, करतात. सासूबाई शुद्ध शाकाहारी, त्यांना हे मी आधी सांगितलं आणि त्यांनी राईचा पाव, बटाटे आणि लोणच्यातली काकडी आनंदाने खाल्ली. आधी सांगितलं नसतं आणि नंतर कळलं असतं तर त्यांना किती लागलं असतं. म्हणून लिहितेय.

सासरे मात्र व्हेरासला म्युझोटच्या मनोऱ्यापाशी तासभर बसले. जर्मन भाषेत लिहिणारा कवी रिल्के 1921 पासून तिथे राहिला. आत जाता येत नाही, बाहेरून बघायचं. सासरे मराठीचे प्राध्यापक होते. एवढ्या छोट्या दगडी घरात हिवाळे काढले, असं दोनदा म्हणाले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

नवा_विद्यार्थी_लोझान

लोझानला नुकताच आलोय, पैसे बेताचे. तळघरात जाऊन चाखलं तर घ्यावंच लागतं का? आणि किती चाखलं म्हणजे चालताना त्रास होणार नाही?

डोंगरवाट

घ्यावंच लागतं असं नाही, पण छोट्या घरगुती तळघरात मालक स्वतः अर्धा तास तुमच्यासाठी देतो. तेव्हा एक बाटली घेणं बरं दिसतं. जमणार नसेल तर आधीच विचारा की चाखण्याचे पैसे घेता का, संकोच नको. फोन करून जा, रविवार टाळा. मे महिन्यात असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीच्या आसपास वॅलेतली पुष्कळ तळघरं तीन दिवस सगळ्यांसाठी उघडी असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला याच वाटेवर चालत चाखण्याचा दिवस असतो, गर्दी खूप पण तिकिटात सगळं येतं.

किती, तर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरा. त्यात कोणाचा अपमान नाही, उलट तो तुम्हाला जाणकार समजतो. मी दिवसभरात दोन डेसिलीटरच्या वर जात नाही आणि घळ ओलांडेपर्यंत काहीच घेत नाही. वाट दगडी आहे, कठडे सगळीकडे नाहीत. आणि ट्रेनने या. गाडी चालवणाऱ्यासाठी इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.5 प्रति हजार आहे, तिच्या जवळपासही जाऊ नये.

सरोवरकाठ

जिनिव्हाहून. डोंगरवाट यांनी फाँदाँवर लिहिलं, पण या खोऱ्याची खरी श्रीमंती जुन्या स्थानिक जातींत आहे असं माझं मत. फाँदाँ आणि दोल (पिनो न्वार आणि गामे यांची लाल) सगळीकडे मिळतात. वाट चालून आलात तर वेगळं मागा.

पतीत आर्विन. पांढरी, चकोतऱ्यासारखा वास आणि शेवटी जिभेवर मिठाची कणी. कैरीला मीठ लावून खाल्ल्यावर जी लाळ सुटते ना, तीच. पहिला घोट घेतला आणि मला आजोळ आठवलं.

कोर्नालँ. लाल, गडद. पिकवायला इतकं लहरी की विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपलं होतं. मोजक्या जुन्या वेलींवरून रोपं करून परत आणलं.

आमिन्य. जवळजवळ सगळी व्हेत्रो गावात. बाटलीवर मधमाश्या छापतात. एक माशी म्हणजे कोरडी, दोन म्हणजे थोडी गोड, तीन म्हणजे गोड. फ्रेंच न येणाऱ्याला याहून सोपं काय असणार!

आणि व्हॅन द्यु ग्लासिए, हिमनदीची वाइन. ही दुकानात मिळत नाही. सिएरच्या वर आनिव्हिए नावाचं उपखोरं आहे. तिथले लोक वर्षभर वरखाली करत. उन्हाळ्यात गुरं घेऊन वर कुरणांवर, वसंतात खाली सिएरला बागेच्या कामाला, बासरी आणि ढोल वाजवत. वाइन खाली करायची आणि पिंपं वर गावात न्यायची, लार्च लाकडाची. पिंप कधीच पूर्ण रिकामं करायचं नाही, दरवर्षी काढलं तेवढं नवं भरायचं. ग्रिमाँत्झ गावच्या पंचायतीच्या घरात एक पिंप 1886 पासून असं चालू आहे, त्याला बिशपचं पिंप म्हणतात. मूळ द्राक्ष रेझ, ज्याचा उल्लेख 1313 च्या कागदात सापडतो. मला तिथे एक छोटा लाकडी पेला मिळाला. अक्रोडाच्या सालीसारखी चव, थोडी राळ. आवडली असं म्हणणार नाही. पण तो पेला मी दोन्ही हातांनी धरला होता.

डोंगरवाट

सरोवरकाठ, मीठ लावलेली कैरी! इतकी वर्षं मी पतीत आर्विनची चव कोणाला सांगता आली नाही म्हणून गप्प होतो. तुमच्या मताशी सहमत आहे, फक्त फाँदाँची बाजू एवढीच घेईन की तिथला माणूस दुपारी भिंत रचून झाल्यावर तीच पितो.

निफाडकर

सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ते 71 वर्षांचे आहेत, आमची पहिली बाग त्यांनी मांडवावर लावली होती. तुषाराची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मणी दाबून बघण्याचं ऐकून लगेच म्हणाले, हा माणूस बागायतदार आहे, बघणारच.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. आमची शेनिन कोण पितं, कुठे पितं, मला माहीत नाही. वाइनरीचा टेम्पो येतो, साखर मोजतात, वजन होतं, संपलं. नाशिकच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण प्यायलेला माणूस माझ्या बांधावर कधी आला नाही. इथे गंगापूरच्या धरणाकडे पर्यटक येतात ते वाइनरीपर्यंत. बागेतून चालायची वाट कोणी आखली तर मी माझ्या बांधावरून ती नेऊ द्यायला तयार आहे. आजूबाजूच्या चार जणांशी बोललो, दोघे हो म्हणाले. जानेवारीत, घड भरलेले असताना, सकाळच्या थंडीत.

आणि आम्ही दोघं पुढच्या सप्टेंबरच्या शेवटी येतोय, गोडी छाटणीच्या आधी. मामेभाऊ म्युनिकला आहे, त्याच्याकडे उतरू. बाबा विचारतात, त्या भिंतवाल्या आजोबांसाठी आपले घरचे बेदाणे आणले तर चालतील का?

मोसमकाठ

निफाडकर, वाट झाली की पहिल्या दिवशी मी येतो. फावडं घेऊन.

डोंगरवाट

दादा, बेदाणे जरूर आणा, सुकामेवा आणायला अडचण येत नाही. ताजी द्राक्षं किंवा वेलीची काडी मात्र चुकूनही नको, रोगांमुळे त्यावर बंदी आहे. मी बर्नहून फिस्पमार्गे सिएरला येईन, स्टेशनवरच भेटू. आणि मी नसलो तरी सापडेल: म्युराच्या वर दुसऱ्या वळणाला, डाव्या हाताला. बाकी भिंत करडी आणि शेवाळलेली आहे, मार्चमध्ये रचलेले वरचे दगड अजून पांढरे दिसतात.